नवी गाडी, चार जॉब कार्डं आणि ‘नॉर्मल आहे साहेब’

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाडव्याला घेतलेली १६० सीसीची मोटरसायकल, चार महिन्यांत ३,४०० किलोमीटर. गाडी तापली की चालता चालता बंद पडते आणि पंधरा-वीस मिनिटं उभी केली की काही झालंच नाही अशी सुरू होते. शोरूमला चार खेपा झाल्या. दोनदा ‘चेक केली, ओके आहे’, एकदा ‘पेट्रोल खराब असेल’, एकदा ‘नवीन इंजिन आहे, सेट व्हायला वेळ लागतो’. हप्ते चालूच आहेत. आता तुम्हाला गाडी बदलून हवी आहे, नाहीतर ग्राहक मंचात जायचं आहे. वडील म्हणतात, सोडून दे.

मी अकरा वर्षं दुचाकीच्या एका डीलरकडे वर्कशॉपमध्ये काढली, त्यातली शेवटची सहा वर्क्स मॅनेजर म्हणून. आता साताऱ्यात माझं स्वतःचं गॅरेज आहे. म्हणजे ‘नॉर्मल आहे साहेब’ हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा म्हटलेलं आहे, आणि त्यातलं किती वेळा खरं होतं हेही मला माहीत आहे.

आधी एक काम करा. चारही जॉब कार्डं, म्हणजे गाडी सर्व्हिसला देताना काउंटरवर भरून मिळतात ते कागद, काढा आणि ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. माझा अंदाज आहे की दोन ठिकाणी ‘जनरल चेकअप’, एका ठिकाणी ‘वॉशिंग, चेन टाइट’ आणि फार तर एकात ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम’ असेल. तसं असेल तर कागदोपत्री तुमची गाडी एकदाही बंद पडलेली नाही. तुम्ही चारदा गेलात, घसा कोरडा होईपर्यंत सांगितलंत, सगळं खरं. पण कंपनीच्या सिस्टीममध्ये तुमच्या चेसिस नंबरपुढे चार वेळा गाडी धुतल्याची नोंद आहे. वॉरंटीचं भांडण याच रकान्यात जिंकलं किंवा हरलं जातं. वकील, नोटीस, ग्राहक आयोग ही सगळी त्याच्या पुढची गोष्ट.

हा रकाना असा का भरला जातो? दर वेळी त्यात लबाडीच असते असं नाही. सकाळी नऊ ते अकरा काउंटरवर चाळीस गाड्या असतात. सर्व्हिस ॲडव्हायझर कॉम्प्युटरवरच्या ठरावीक यादीतून एक नोंद निवडतो आणि पुढच्याला हाक मारतो. पण दुसरंही कारण आहे. वॉरंटीत बदललेल्या पार्टचे पैसे डीलरला कंपनीकडून क्लेम मंजूर झाल्यावर मिळतात. जुना पार्ट टॅग लावून ठेवावा लागतो, फोटो पाठवावे लागतात, कधी पार्टच परत पाठवावा लागतो. क्लेम नाकारला तर तो पार्ट डीलरच्या अंगावर. आमच्याकडे वॉरंटीच्या कामाची मजुरीही बिलाच्या कामापेक्षा कमी मिळायची. म्हणून दोष स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत कुठलाही वर्क्स मॅनेजर हजारो रुपयांचा पार्ट काढत नाही. मीही काढत नव्हतो.

तुमच्या गाडीचा दोष दिसत का नाही, हे एका जुन्या प्रसंगावरून सांगतो. आमच्याकडे हीच तक्रार घेऊन एक गृहस्थ आले होते, तिसऱ्यांदा की चौथ्यांदा. ते सकाळी गाडी लावत, नंबर लागेपर्यंत दीड-दोन तास जात, तोवर इंजिन गार. मग आमचा पोरगा आवारात आणि समोरच्या रस्त्यावर दोन किलोमीटर चक्कर मारून यायचा आणि कार्डावर ‘ओके’ लिहायचा. शेवटी मी त्यांना म्हटलं, चला, तुम्ही चालवा, मी मागे बसतो. डबलसीट साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात निघालो. पहिल्या फेरीला काही नाही. खाली येऊन पुन्हा वर चढायला लागलो, तर दुसऱ्या वळणावर दिवा विझावा तशी गाडी बंद. मी सोबत मल्टिमीटर घेतला होता. पिकप कॉइलचा कपलर, म्हणजे वायरचा जोड, काढून मोजलं, तर मीटर पूर्ण ओपन, म्हणजे आतली तार सुटलेली. कठड्यावर बसलो. वीस मिनिटांनी पुन्हा मोजलं, तर दोनशेच्या आसपास ओहम, अगदी जसं हवं तसं. सेल्फ मारला, गाडी सुरू.

झालं होतं इतकंच, की कॉइलच्या आतली केसासारखी तार एका जागी अर्धवट तुटलेली होती. गार असताना टोकाला टोक टेकत होतं, तापून पसरलं की सुटत होतं. इंजिन फिरतंय हे ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, याच कॉइलकडून कळतं. ते कळलं नाही तर तो स्पार्कही देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही. एवढासा पार्ट. पण गार गाडीवर तो जन्मभर सापडला नसता, आणि त्या गृहस्थांना आम्ही तोवर तीनदा ‘पेट्रोल बदलून बघा’ सांगून परत पाठवलं होतं.

तुमच्याही गाडीत हेच असेल असं मी इथून सांगू शकत नाही. त्याच लक्षणाला फ्युएल पंप, त्याचा रिले, साइड स्टँडचा स्विच, इग्निशन स्विचमागचा ढिला कपलर, टाकीच्या झाकणाचा बुजलेला हवेचा मार्ग, असे आणखी चार-पाच धनी आहेत. पण काहीही न उघडता तुम्ही तीन गोष्टी बघू शकता, आणि त्या कळल्या तर मेकॅनिकचं अर्धं काम होतं. पहिली म्हणजे, गाडी बंद पडते त्या क्षणी आरपीएमचा काटा किंवा आकडा. गाडी गिअरमध्ये आहे, चाक फिरतंय, तरी आरपीएम एका झटक्यात शून्यावर आला तर संशय विजेच्या बाजूला. आधी धक्के देत, मिस मारत, दम लागल्यासारखी होऊन बंद पडत असेल तर पेट्रोलच्या बाजूला. दुसरी, बंद पडल्यावर चावी बंद करून पुन्हा चालू करायची आणि कान द्यायचा. टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाची घुर्रर्र येते का? तिसरी, टाकीचं झाकण उघडून बघायचं. फुस्स करून हवा आत गेली आणि लगेच गाडी सुरू झाली, तर झाकणच गुन्हेगार. आणि इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो का, तेही पाहा. तुमची गाडी बीएस-६ आहे, तेव्हा कंपनीचं स्कॅनर लावल्यावर साठलेले फॉल्ट कोड दिसतात. पाचव्या वेळी स्कॅनर तुमच्यासमोर लावायला सांगा आणि स्क्रीनचा फोटो घ्या. एकही कोड नाही असं निघालं तरी तो फोटो ठेवा, पण त्यावरून ‘दोष नाही’ म्हणू देऊ नका. अर्धवट तुटलेली तार दर वेळी कोड सोडतेच असं नाही.

पेट्रोलच्या कारणाबद्दल इथेच सांगून टाकतो. ते नेहमी खोटं असतं असं नाही. आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं, आणि पावसाळ्यात पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलं तर ते मिश्रण फाटून पाण्याचा थर तळाशी बसतो. अशी गाडी घेऊन लोक माझ्याकडे येतात. पण पाणी गेलेली गाडी गारही नीट चालत नाही. वीस मिनिटं उभी राहून ती बरी होत नाही. तरीही शोरूमचं तोंड बंद करायला एक टाकी दुसऱ्या पंपावरून भरा आणि पावती ठेवा. पन्नास रुपयांच्या कारणावर पाचवी खेप वाया जायला नको.

आता पाचवी खेप. शनिवारी किंवा सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी सगळ्यात जास्त गर्दी असते. मधल्या वारी जा आणि रोड टेस्टसाठी आगाऊ वेळ मागून घ्या. जॉब कार्ड लिहिताना समोर उभं राहून हे शब्द घालायला लावा: ‘घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये साधारण १० किमी चालल्यावर इंजिन अचानक बंद पडते. सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही. १५ ते २० मिनिटांनी सुरू होते. आजपर्यंत अमुक वेळा. हीच तक्रार अमुक चार तारखांना तोंडी सांगितली होती.’ यादीत बसत नाही म्हणाले तर शेऱ्याच्या जागेत पेनाने लिहायला सांगा, तेही नाही म्हणाले तर तुमच्या प्रतीवर स्वतः लिहून त्यांची सही मागा. सही नाकारली तर तिथेच उभं राहून तो मजकूर डीलरच्या आणि कंपनीच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर पाठवा, जॉब कार्डच्या फोटोसकट. व्हॉट्सॲप चालेल, पण ईमेल आधी. काउंटरवरचा मुलगा नोकरी सोडून गेला की त्याच्या फोनवरचे मेसेज कुणाच्या उपयोगाचे? आणि बंद पडल्याचे व्हिडिओ मूळ फोनमध्येच राहू द्या, फॉरवर्ड करून मूळ पुसू नका. पुढे पुराव्यासाठी लागले तर मूळ फाइल आणि ती खरी असल्याचं प्रमाणपत्र लागतं.

गाडी ठेवून घेत असतील तर किलोमीटरचा आकडा लिहिलेली पोच घ्या. परत घेताना एका कागदावर सही मागतील, त्यावर बारीक अक्षरात ‘काम समाधानकारक झाले’ असं असतं. त्या सहीवर नंतर फार मोठी इमारत उभी राहते. सहीशेजारी ‘गाडी चालवून पाहिल्यावर कळवीन’ एवढे चार शब्द लिहा. कुणी अडवत नाही. मी तरी कधी अडवलं नाही.

एवढं करूनही ‘ओके’च आलं, तर डीलरला सोडून वर जा. वॉरंटी डीलर देत नाही, कंपनी देते. प्रत्येक भागाला कंपनीचा एक सर्व्हिसचा माणूस नेमलेला असतो. कुठे त्याला एरिया मॅनेजर म्हणतात, कुठे टेरिटरी मॅनेजर. तो ठरलेल्या दिवशी डीलरकडे येतो. त्याच्यासमोर गाडी दाखवण्याची तारीख लेखी मागा. डीलर मोठ्या पार्टला हात लावायला घाबरतो, तो या माणसाच्या एका होकारानंतर घाबरत नाही. अडलेले बरेचसे क्लेम माझ्या काळात याच पायरीवर सुटायचे. ग्राहकांना मात्र असा कोणी माणूस असतो हेच ठाऊक नसायचं, आणि आम्ही आपणहून सांगायचो नाही.

तुमच्या बाजूला काही भोक नाही ना, तेही तपासा, कारण कंपनी सगळ्यात आधी तेच शोधेल. पहिली फ्री सर्व्हिस पुस्तिकेत दिलेल्या दिवसांत आणि किलोमीटरमध्ये झाली आहे का? एखादी राहिली असेल तर लपवू नका, पण इतर कामांची बिलं गोळा करा. बाहेरून फॉग लॅम्प, हॉर्न, अलार्म, मोबाइल चार्जर बसवलाय का? वायरिंग कापून जोड दिला असेल तर विजेच्या कुठल्याही दोषावर नकार तयार असतो. यातली खरी गंमत अशी, की हे जोड बऱ्याचदा शोरूमच्याच ॲक्सेसरीजच्या काउंटरवर दिलेले असतात. तसं असेल तर ते बिल शोधा. ज्याने वायर कापली त्याला वायर कापल्याचं कारण सांगता येत नाही. ब्रेक शू, क्लच प्लेट, चेन, बल्ब, फिल्टर, प्लग ही झिजणारी मंडळी साधारणपणे वॉरंटीत नसतात, आणि टायर-बॅटरीचा क्लेम बहुधा त्या त्या कंपनीकडे जातो. तुमच्या दोषाला यातलं काही लागू पडत नाही.

गाडी बदलून देण्याबद्दल मात्र तुम्हाला आवडणार नाही असं सांगावं लागेल. अमेरिकेत सदोष नव्या गाडीसाठी ‘लेमन लॉ’ आहेत: ठरावीक वेळा दुरुस्ती करून दोष राहिला तर गाडी परत. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. वॉरंटीचा कागद वाचलात तर त्यात ‘सदोष पार्ट दुरुस्त करू किंवा बदलू’ एवढंच वचन असतं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका मोटारीच्या प्रकरणात याच शब्दांवर बोट ठेवलं होतं, की वॉरंटी पार्ट बदलून देण्याची आहे, अख्खी गाडी बदलून देण्याची नव्हे. याचा अर्थ गाडी बदलून मिळतच नाही असा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३९ मध्ये दोष दूर करणं, माल बदलून देणं, किंमत परत करणं, नुकसानभरपाई, हे सगळे आदेश देण्याचा अधिकार आयोगाला आहे. पण बदलीसाठी दोष मूळ बनावटीतलाच आहे आणि वारंवार संधी देऊनही गेला नाही, हे दाखवावं लागतं. आज तुमच्या हातात ‘जनरल चेकअप’ची चार कार्डं आहेत. त्यावर कोणी गाडी बदलून देणार नाही. शिवाय तुमच्या गाडीत बहुधा एकच छोटा पार्ट मेलेला आहे, इंजिन उत्तम असेल. नीट झालेली तीच गाडी तुम्हाला पुढची दहा वर्षं त्रास देणार नाही. हे डीलरची बाजू घेऊन म्हणत नाही. चार महिन्यांचा राग आणि गाडीतला दोष या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

तरी वेळ आलीच तर आयोगाचा रस्ता वाटतो तितका अवघड नाही. मंच हा शब्द आता गेला, २०२० पासून तो जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंत किंमत दिलेल्या वस्तूच्या तक्रारीला फी नाही. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर लावून तक्रार नोंदवा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि तिथून गेलेली तक्रार कंपनीच्या नेहमीच्या कॉल सेंटरपेक्षा वरच्या टेबलावर पडते.

तक्रार केलीत तर डीलर आणि उत्पादक दोघांनाही पक्षकार करा. गोव्यातल्या एका मोटारीचं प्रकरण आहे. ग्राहकाला २०११ चं मॉडेल म्हणून दिलेली गाडी २००९ च्या बनावटीची आणि ६२२ किलोमीटर चाललेली निघाली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्पादकाला मोकळं केलं, कारण डीलरच्या या उद्योगाची त्याला माहिती होती असा पुरावा नव्हता, आणि डीलर म्हणजे उत्पादकाचा नोकर नव्हे, दोघांचे व्यवहार स्वतंत्र. तुमच्या प्रकरणात गणित उलटं आहे: पार्ट सदोष असेल तर ती उत्पादकाची गोष्ट, आणि चारदा नीट न तपासता परत पाठवलं ती डीलरच्या सेवेतली त्रुटी. एकालाच ओढलंत तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवेल.

दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. प्रत्यक्षात अनेकदा सरकारी पॉलिटेक्निकच्या प्राध्यापकाचा किंवा एखाद्या ऑटोमोबाइल इंजिनिअरचा अहवाल मागवला जातो. हा अहवाल नसल्यामुळे फार तक्रारी पडतात. तुम्ही स्वतः तज्ज्ञाचं मत मागण्याचा अर्ज करा, कंपनी करेल म्हणून थांबू नका. कायद्यात निकालासाठी तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने लिहिलेत. ते लिहिलेत एवढंच म्हणतो. मधल्या काळात मध्यस्थीला बोलावलं तर मात्र जरूर जा.

हप्ता थांबवू नका. कर्ज देणाऱ्याचा आणि तुमच्या गाडीतल्या दोषाचा काही संबंध नाही. तुमचा सिबिल स्कोअर पडेल आणि उद्या गाडी बदलायची ठरली तर त्यांचंच ना हरकत पत्र लागेल. गाडी रागाने शोरूमच्या दारात सोडून येऊ नका. आणि दोष दाखवण्यासाठी म्हणून एकट्याने मुद्दाम घाटात वा हायवेला नेऊ नका, उजव्या लेनमध्ये बंद पडलेली गाडी काय करते ते मी पाहिलंय.

कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून या मॉडेलचं काही रिकॉल निघालंय का, म्हणजे दोषामुळे कंपनीने गाड्या परत बोलावल्यात का, तेही बघा. एप्रिल २०२१ पासून रिकॉलचे नियम लागू आहेत. एकाच बॅचच्या अनेक गाड्यांत तोच दोष असेल तर तक्रारींची संख्या बोलते, म्हणून तुमच्या मॉडेलच्या मालकांच्या ग्रुपमध्ये विचारा. पण तिथे शोरूमच्या नावाने शिव्या घालू नका. उद्या तेच तुमच्याविरुद्ध नोटिशीत छापतील.

पाडव्याच्या गाड्यांबद्दल एक कबुली देतो. आदल्या रात्री आम्ही पन्नास-साठ गाड्या तयार करायचो. आरसे, साडी गार्ड, बॅटरी, हवा, पॉलिश. डिलिव्हरीपूर्व तपासणीच्या कागदावर तीस-बत्तीस चौकटी असायच्या, आणि पहाटे दोन वाजता एकच माणूस एकाच पेनाने सगळ्या गाड्यांच्या सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा करत बसायचा. तुमच्या गाडीचा तो कागद मागून घ्या. खुणा सगळ्या एका हाताच्या, एका दमातल्या दिसल्या तर मला आश्चर्य वाटणार नाही, आणि आयोगातही तो कागद उपयोगी पडतो.

वडिलांना सांगा की सोडून द्यायचं नाही, पण भांडायलाही आज जायचं नाही. पुढच्या वेळी गाडी बंद पडेल तेव्हा तेवढा आरपीएमचा काटा झटक्यात पडतो की डळमळत, ते बघून मला कळवा.